पुरंदरचे फादर आणि भीमेकाठचे गवत

दौंड तालुक्यात ख्रिस्ती धर्मकार्याचा विषय निघाला की केडगावचे आणि पंडिता रमाबाईंचे नाव निघते, आणि ते साहजिकच आहे. पण यवतजवळच्या भुलेश्वराच्या डोंगरावर उभे राहिले आणि हवा स्वच्छ असली की नैर्ऋत्येला पुरंदर दिसतो. त्या गडावरच्या झाडाझुडपांची मोजदाद एका ख्रिस्ती धर्मगुरूने १९४४ ते १९५६ अशी तेरा वर्षे केली, हे आमच्या भागातल्या फारच थोड्या शिक्षकांना ठाऊक आहे. आम्हालाही नव्हते. आम्ही म्हणजे भीमेच्या दोन्ही काठांवरचे, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवणारे काही जण. एका निवृत्त प्राध्यापकांनी घर आवरताना काही पुस्तके आमच्या हवाली केली. त्यांत 'फ्लोरा ऑफ पुरंदर' होते. प्रकाशनवर्ष १९५८, लेखक एच. सांतापाव. पुढचे वर्षभर ते पुस्तक आमच्यात फिरत राहिले. त्याविषयी, आणि ते लिहिणाऱ्या माणसाची गोष्ट आपण ज्या तऱ्हेने सांगतो त्याविषयी, आम्हाला काही म्हणायचे आहे.

आधी माणूस. हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म १९०३ साली स्पेनमधल्या तारागोना प्रांतात झाला. लहान वयातच ते येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात दाखल झाले. विशी ओलांडल्यावर भारतात आले, पुढे लंडनला जाऊन वनस्पतिशास्त्र शिकले, क्यू येथल्या प्रसिद्ध उद्यानात काम केले आणि १९४० पासून मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात शिकवू लागले. १९५३ साली त्यांचे खंडाळ्याच्या वनस्पतींवरचे पुस्तक निघाले, १९५८ साली पुरंदरचे. १९५४ साली केंद्र सरकारने त्यांना भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ नेमले आणि १९६१ साली ते तिचे संचालक झाले. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि जानेवारी १९७० मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. 'कॉमन ट्रीज' हे त्यांचे छोटे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ साली काढले. वनस्पतिशास्त्राबाहेरच्या वाचकाला त्यांचे नाव माहीत असलेच, तर ते या पुस्तकामुळे.

असा माणूस वर्गात सांगायला सोपा वाटतो. घरदार सोडून परदेशी आलेला व्रतस्थ, हातात जपमाळ, खांद्यावर झाडपाल्याची पेटी. मेंडेलची गोष्टही आपण अशीच सांगतो: मठ, वाटाणे, एकांत आणि मग मरणोत्तर कीर्ती. मुले ऐकतात, भारावतात आणि वही मिटतात. अशी गोष्ट ऐकल्यावर त्यांच्या मनात एवढेच उरते की हे काम साधुपुरुषांचे आहे, आपल्यासारख्यांचे नाही. आमची पहिली तक्रार या सांगण्याच्या पद्धतीवर आहे, कारण या बाबतीत ती खरीही नाही.

सांतापाव एकटे नव्हते. झेवियर महाविद्यालयात त्यांच्या आधी एथेलबर्ट ब्लाटर होते. हेही जेझुइट, पण स्वित्झर्लंडचे. जन्म १८७७चा, मुंबईत आले १९०३ साली. त्यांनी १९०६च्या सुमारास महाविद्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. पुढे ते प्राचार्यही झाले. हालबर्ग नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातल्या वनस्पती नोंदवल्या, ताडामाडांवर ग्रंथ लिहिला आणि चार्ल्स मॅकान यांना बरोबर घेऊन मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची उजळणी केली. १९३४ साली ते वारले. १९४१ साली त्या संग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. आजही तो ब्लाटर हर्बेरियम म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे सांतापाव कामाला लागले तेव्हा कपाटे होती, कपाटांत हजारो नमुने होते, त्यांवर तारखा आणि गावांची नावे होती. शिवाय बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक हाताशी होते आणि दरवर्षी नवे विद्यार्थी येत होते. संसार नसल्याने वेळ मोकळा मिळाला हे खरे. पण तेवढ्याने काम झाले असते तर प्रत्येक मठात एकेक वनस्पतिशास्त्रज्ञ निपजला असता. इथे एक संस्था एकाच कामाला पन्नास-साठ वर्षे धरून राहिली. आमच्या मते वर्गात सांगायची गोष्ट ही आहे.

आता पुस्तक. प्रथमच हाती घेणाऱ्याची निराशा होईल, आमचीही झाली. चित्रांच्या अपेक्षेने उघडावे तर समोर नावांची रांग. उपशीर्षकातच लेखकाने सांगून टाकले आहे की ही पुरंदरवर अमुक ते अमुक साली आढळलेल्या सर्व सपुष्प वनस्पतींची गणना आहे. झाडाचे सविस्तर वर्णन हवे असेल तर थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या ग्रंथाकडे जावे लागते. (हे कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि मूळचे अभियंता. आपल्या भागाच्या वनस्पतींचा पाया एका अभियंत्याने घातला, हे व्यवसाय-मार्गदर्शनाच्या तासाला सांगण्यासारखे आहे.)

पण उपशीर्षकातली ती दोन साले आम्हाला जसजशी उमगत गेली तसतसा पुस्तकाविषयीचा आमचा ग्रह बदलला. एका गडाला तेरा वर्षे कशासाठी? पुरंदर काही एवढा मोठा नाही. धडधाकट माणूस दिवसात बराचसा पालथा घालील. पण दिवसभरात दिसते ते त्या दिवसाचे. आपल्याकडच्या कितीतरी वनस्पती वर्षायू आहेत. पहिल्या पावसानंतर उगवायचे, श्रावण-भाद्रपदात फुलायचे आणि दिवाळीच्या आत बी टाकून नाहीसे व्हायचे. काही कंदवर्गीय वनस्पती तर जमिनीवर जेमतेम काही आठवडेच दिसतात. एखाद्या वर्षी पाऊस ओढ देतो आणि काही बिया रुजतच नाहीत. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच एकगठ्ठा फुलते, आणि फुलाविना तिच्या गटातल्या जाती नक्की करणे अवघड. तेरा वर्षे जाणाऱ्याला तो फुलोरा निदान एकदा तरी गाठता येतो. कारवीच्या या सामुदायिक फुलण्यावर सांतापाव यांनी स्वतंत्र लेखही लिहिले आहेत. तेव्हा 'सर्व' हा शब्द छापण्याआधी त्यांनी तेरा पावसाळे जाऊ दिले, हे या पुस्तकाचे मोठे बळ. चार दिवसांच्या सहलीवर विद्यार्थ्यांकडून 'आमच्या गावाची जैवविविधता' असा प्रकल्प लिहून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना ते जरा झोंबले.

दुसरे बळ पुस्तकात नाही, कपाटात आहे. अशा पुस्तकातल्या नावामागे वाळवलेला नमुना असतो: साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद जाड कागदावर चिकटवलेली फांदी, कोपऱ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक. आमच्या काही सहकाऱ्यांची तक्रार असते की शास्त्रज्ञ नावे सारखी बदलतात, मग शिकवायचे काय? बाभूळ इतकी वर्षे अकेशिया होती, आता ती वाचेलिया झाली. हिवरही तिच्याबरोबर गेला. तरवड कॅशियाचा सेना झाला. पण १९५०च्या सुमारास कापून वाळवलेली फांदी आहे तीच आहे. नाव चुकले असेल तर सत्तर वर्षांनीही कुणी कपाट उघडून ते दुरुस्त करू शकतो. नमुना नसलेली यादी मात्र कितीही सुबक छापली तरी तिची खातरजमा करता येत नाही.

इथवर कौतुक झाले. आता जे खटकते ते.

'आढळलेल्या' असे वर आम्ही सौम्य भाषांतर केले. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ 'शोधून काढलेल्या' असाही होतो. पुरंदरच्या पायथ्याच्या गावांतले गुराखी आणि जडीबुटीवाले यांना त्यातली बरीचशी झाडे आधीपासून ठाऊक होती. त्यांनी ती शोधलेली नव्हती, त्यांच्यात ते राहतच होते. हा दोष एकट्या सांतापाव यांचा नव्हे, त्या सगळ्या परंपरेचा आहे, आणि तो त्यांच्या हयातीतच एका मोठ्या शास्त्रज्ञेने बोलून दाखवला होता. ई. के. जानकी अम्मल यांच्यावर स्वतंत्र भारतात वनस्पती सर्वेक्षणाची फेरउभारणी सोपवली होती. १९५४ साली सांतापाव यांची नेमणूक त्यांच्या वर झाली, तेव्हा त्यांनी इंग्लंडमधले आपले सहकारी डार्लिंग्टन यांना खाजगी पत्रात आपले दुःख कळवले. क्यूच्या परंपरेतला माणूस आला, म्हणजे क्यू जिंकले आणि आपण हरलो, असा त्याचा आशय होता. जानकी अम्मल गुणसूत्रांच्या अभ्यासक. वनस्पतीकडे माणसाचा वापर, स्थलांतर आणि उत्पत्ती या अंगांनी पाहणाऱ्या, आणि झाडे कापून वाळवून कपाटात ठेवण्यावरच सर्वेक्षण थांबू नये असे मानणाऱ्या.

हा वाद वर्गात न्यावा असे आम्हाला वाटते. पद्मश्री मिळालेल्या माणसाविषयी तितक्याच योग्यतेच्या व्यक्तीचे मत इतके वेगळे असू शकते, हे मुलांना कळले पाहिजे. आमचे म्हणाल तर आम्ही दोघांच्या मध्ये कुठेतरी आहोत. कपाटे नसती तर जानकी अम्मल यांच्या प्रश्नांना आधार मिळाला नसता. पण कपाटापुढे जायचे राहून गेले, हेही आमच्या तालुक्यांकडे पाहिल्यावर नाकारता येत नाही.

कारण या सगळ्या थोर मंडळींच्या पायवाटा डोंगराकडे जातात. खंडाळा, पुरंदर, महाबळेश्वर. तिथे पाऊस, तिथे दुर्मीळ ऑर्किड, तिथे नव्या जातीची आशा. मुंबईहून सोलापूरला जाणारी गाडी दौंड जंक्शनला थांबते. पण वनस्पतींसाठी म्हणून इथे कोण उतरणार? कुक यांचा ग्रंथ किंवा १९९६पासून निघालेले महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड यांत आमच्या माळावरची झाडे नाहीत असे नाही. ती आहेत, पण संपूर्ण राज्याच्या पसाऱ्यात. पाटसच्या किंवा न्हावऱ्याच्या शिक्षकाला 'आपल्या गायरानात काय आहे' एवढेच विचारायचे असते, आणि त्याचे उत्तर देणारे 'फ्लोरा ऑफ पुरंदर'सारखे पुस्तक त्याच्या हाती नाही.

गंमत म्हणजे आमच्या उपयोगाचे पुस्तक सांतापाव यांचे नाही, ब्लाटर यांचे आहे. ब्लाटर आणि मॅकान यांचे 'बॉम्बे ग्रासेस' १९३५ साली, म्हणजे ब्लाटर यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी निघाले. शिरूर-दौंडचा मूळ पेहराव गवताचा. कुसळी, पवन्या, मारवेल, कुंदा, हरळी. मधून मधून हिवर, बोर, तरवड. गवत ओळखणे अवघड, कारण त्याला पाकळ्यांचा डौल नाही. कणिशकातले तुसासारखे भाग भिंगाखाली मोजत बसावे लागते. म्हणून पाठ्यपुस्तक जास्वंदीवर थांबते. पण वर्गात कुसळीचे एक कुसळ पाण्याच्या थेंबात ठेवून पाहावे. ते स्वतःभोवती फिरू लागते, पीळ सुटतो. वाळले की पुन्हा पीळ बसतो. टोकाशी अणकुचीदार फळ आणि त्यावर मागे वळलेले केस. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने असे उलटसुलट फिरत ते मातीत स्वतःला रोवून घेते. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मेंढपाळ आहेत. तो म्हणाला, मेंढीच्या लोकरीतून कातडीतही असेच रुतते, त्यासाठी आबा गवत निसवायच्या आत कळप तिथून हलवतात. त्या दिवशी आम्हाला शिकवायला फारसे काही उरले नाही.

अशा मुलाच्या हाती देता येईल असे माळाचे पुस्तक मराठीत हवे होते. याबाबतीत कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचा हेवा वाटतो. तिथे ब्रदर मारी-व्हिक्तोरँ (१८८५-१९४४) हे एका शिक्षक-पंथाचे बंधू होते. पाद्री नव्हेत, शाळामास्तर. त्यांनी १९३५ साली सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला तो तिथल्या लोकांच्या फ्रेंच भाषेत, २८०० रेखाचित्रांसह. माँट्रियलचे वनस्पती उद्यान त्यांच्याच खटपटीने उभे राहिले, आणि त्याच काळात शाळाशाळांत बालनिसर्गमित्रांची मंडळे निघाली. म्हणजे 'बॉम्बे ग्रासेस' आणि तो ग्रंथ एकाच वर्षीचे, दोन्हींचे कर्ते व्रतस्थ. एक सरकारी कृषी संशोधनाच्या मालिकेत निघाला, दुसरा घराघरांत गेला. ब्लाटर-सांतापाव यांनी मराठीत लिहायला हवे होते अशी अपेक्षा अन्यायाची होईल, परक्या देशातून येऊन त्यांनी केले तेच पुष्कळ. पण त्यांच्या पुस्तकांवरून मराठी पुस्तक करण्याचे काम आपले होते. पुण्यातल्या कृषी महाविद्यालयात रा. का. भिडे यांच्यासारखे गवताचे जाणकार विसाव्या शतकाच्या आरंभीच होते. गवताच्या एका प्रजातीला 'भिडेया' असे नाव आहे ते त्यांच्याच सन्मानार्थ. आमच्या शाळांच्या कपाटांत मात्र त्यांचे नाव कुठेच नाही.

आणि हे नुसते हळहळण्यासारखे नाही, कारण माळ थांबून राहिलेला नाही. धरणांच्या कालव्यांनी दोन्ही तालुक्यांत ऊस आणला. त्यावर घरे उभी राहिली, त्याविषयी आमची तक्रार नाही. आमच्यातल्या दोघांचे शिक्षण उसावरच झाले आहे. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती आल्या. उरलेल्या माळावर कधी गिरिपुष्पाची रोपे लावली जातात, कधी वेडी बाभूळ आपोआप पसरते. सरकारी नकाशांत अशी जमीन वर्षानुवर्षे 'पडीक' म्हणून रंगवली गेली. आणि वृक्षारोपणाच्या दिवशी खड्डे खणायला आम्हीच मुलांना तिथे नेतो. आम्ही असे तीनदा केले आहे. खड्ड्यांच्या जागी आधी काय उगवत होते ते आम्ही लिहून ठेवले नाही, आणि आता सांगता येत नाही. पुरंदरवर १९५०मध्ये काय होते हे विचारायची सोय आहे. भीमेच्या काठच्या गायरानाबाबत ती नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोन गायराने निवडली, एक शिरूरच्या बाजूचे आणि एक दौंडच्या. सुरुवात नामुष्कीची झाली. रद्दीत दाबलेले नमुने पावसाळी हवेत रोज कागद न बदलल्याने बुरसले. जे वाचले त्यांतल्या अकरांवर मुलांनी फक्त 'गवत, माळ' असे लिहिले होते. तारीख नाही, गाव नाही. ते आम्ही फेकले नाहीत, वर्गात दाखवायला ठेवले आहेत. दुसऱ्या खेपेला प्रत्येक चिठ्ठीवर जागा, तारीख, मुलाचे नाव आणि घरी त्या गवताला काय म्हणतात, असे चार रकाने केले. चौथा रकाना सांतापाव यांच्या चिठ्ठीवर नसता. तो भरण्यासाठी मुले आजीकडे आणि मेंढपाळांकडे गेली. एकाच गवताला नदीच्या अलीकडे आणि पलीकडे वेगळी नावे आली, तर एका ठिकाणी एकच नाव तीन निरनिराळ्या गवतांना. आमची यादी 'फ्लोरा ऑफ पुरंदर'शी ताडून पाहिली तेव्हा काही नावे जुळली, काही नाही. जी जुळली नाहीत त्यांत आमची ओळखण्यातली चूक किती आणि माळाचे वेगळेपण किती, हे नमुने जाणकारांना दाखवल्यावर कळेल.

आजवर एकूण ४३ नमुने झाले आहेत. पुढची फेरी भाद्रपदात, कुसळी निसवण्याआधी. त्याच दोन गायरानांत.